जावयाचा ज

"जस्टला टिंब न्हाई दिलंस," शांत्या म्हणाला.

रविवारची सकाळ होती. साडेसात वाजले असतील. भायखळ्याला चर्चच्या पाहुण्यांसाठी असलेल्या खोलीत तो खाटेवर मांडी घालून बसला होता. अंगात नुसतं बनियन, खाली नवी काळी पँट, आणि हातात मी रात्रीच्या जेवणाआधी लिहून ठेवलेला कागद. मी आरशापुढं दाढी करत होतो. साडेदहाला त्याला एका मोठ्या थिएटरच्या रंगमंचावर उभं राहून त्या कागदावरचं गाणं म्हणायचं होतं.

"मागच्या गाण्यात जस्टला टिंब हुतं," तो म्हणाला. "हितं न्हाई."

"इथं नसतं," मी म्हणालो.

"का रं?"

"गाण्यागणिक फरक पडतो."

मी वस्तरा गालावरून खाली ओढला. आरशात तो मला दिसत होता. त्यानं क्षणभर कागदाकडं पाहिलं, मग मान हलवली.

"बरं. तू म्हणतोस तर." आणि तो पुन्हा पुटपुटायला लागला.

हाच तो पुढं गाजलेला शॅन ॲडम्स. साठी ओलांडलेल्या माणसापुढं आजही ते नाव काढलं की तो आधी हसतो आणि मग हात उडवून ठेका धरतो. त्या सकाळी मात्र तो नुसता शांतवन आढाव होता, नगरच्या एका मोटार गॅरेजातला फिटर, वय वर्षं तेवीस. आणि मी नथानिएल सांगळे, घरचा नाथा, त्याचा जन्माचा सोबती आणि त्याच्या मागं उभं राहून अकॉर्डियन वाजवणारा.

टिंबाची भानगड आधी सांगितली पाहिजे.

नगरला मिशनच्या आवारात आम्ही एकत्र वाढलो. माझे वडील मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकवत आणि रविवारी चॅपलमध्ये ऑर्गन वाजवत. त्याची आई, सगुणामावशी, अमेरिकन मिशनरी साहेबांच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होती. साहेबांच्या मुलांकडं तबकड्या होत्या. मावशी आत कणीक मळायची आणि शांत्या मागच्या पायरीवर बसून खिडकीतून येणारं रॉक अँड रोल ऐकायचा. घरी आला की तसंच्या तसं म्हणून दाखवायचा. शब्द सगळे गडबडगुंडा, पण सूर जिथल्या तिथं. त्याचा आवाज तळाशी जरा खरबरीत होता आणि वर गेला की असा मोकळा व्हायचा, की चॅपलमधल्या म्हाताऱ्या बायका पदरानं डोळे टिपायच्या. त्याच आवाजात संध्याकाळी गॅरेजात त्यानं रॉक अँड रोल सुरू केलं की सगळी पोरं बोनेट बडवायला लागायची.

शाळेशी मात्र त्याचं कधी जमलं नाही. सातवीला गटांगळी खाल्ली आणि तिथंच पाटी फुटली. मराठी वाचायचा झरझर, इंग्रजी अक्षर म्हटलं की घाम फुटायचा. म्हणून त्याच्यासाठी इंग्रजी गाणी मी देवनागरीत लिहून द्यायला लागलो. पहिल्याच गाण्याला घोळ झाला. आपल्या मराठीत च दोन आणि ज दोन. चिमणीचा च वेगळा आणि चमच्याचा वेगळा. जीवनाचा ज वेगळा आणि जावयाचा वेगळा. लिहायला मात्र दोन्ही एकच. आपण मराठी माणसं बघताक्षणी ओळखतो, पण ते आपल्या शब्दांत. परक्या शब्दात कुठला ज, हे कसं कळणार? शांत्या 'जस्ट' वाचायचा तो 'जर' आणि 'जड' वाचल्यासारखा, दातांमागं जीभ लावून. 'चान्स' म्हणायचा तो 'चांगला' म्हटल्यासारखा.

मग मी एक युक्ती काढली. जिथं चिमणीचा च किंवा जीवनाचा ज म्हणायचा, तिथं अक्षराखाली एक टिंब द्यायचं. टिंब नसलं की चमचा आणि जावई. शांत्याला ते इतकं अंगवळणी पडलं, की कागद बघून तो साहेबाच्या पोरासारखा गायचा. लष्कराच्या क्लबात एकदा एका मेजरनं त्याला विचारलं होतं, कुठल्या कॉन्व्हेंटात शिकलास म्हणून. शांत्यानं माझ्याकडं बोट दाखवलं.

तीन वर्षं आमचं असं छान चाललं होतं. लग्नं, नाताळ, लष्कराचा क्लब. मग वर्तमानपत्रात त्या स्पर्धेची जाहिरात आली. देशभरातून रॉक अँड रोल गाणारे गायक निवडायचे, पुण्यात आधीची फेरी, मुंबईत शेवटची. जो पहिला येईल त्याची कलकत्त्याला तबकडी निघणार, त्याच्या नावाची, त्याच्या फोटोची. पुण्याला आम्ही दोघं गेलो आणि निवडले गेलो. मी 'गेलो' म्हणतो, पण निवडला गेला तो. हे मला कळलं ते मुंबईहून पत्र आलं तेव्हा. पत्र अर्थात मीच वाचून दाखवलं. शेवटच्या फेरीत पाच गायक, त्यांच्यासोबत वाजवायला मुंबईचा तयार बँड, बाकी साथीदारांनी येण्याची गरज नाही.

"बरं झालं," शांत्या म्हणाला. "त्यांच्याकडं इलेक्ट्रिक गिटार हाय. आपलं अकॉर्डियन तिथं जरा चर्चवाणी वाटतं." मग हसून त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "तू ये की. पुढल्या रांगेत बस. कागद कोण लिवणार?"

त्याच्या मनात काही नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही माहीत आहे. पण तो शब्द माझ्या मनात जो रुतला तो निघाला नाही. चर्चवाणी. अकॉर्डियनचे पट्टे खांद्यावर वागवून तीन वर्षं मी त्याच्या मागं उभा होतो, आणि आता मी कागद लिहिणारा कारकून झालो होतो.

शनिवारी आम्ही मुंबईला पोचलो. स्पर्धेची एक अट अशी होती, की पाचही जणांनी एकच नवं गाणं म्हणायचं, खास स्पर्धेसाठी रचलेलं, कुणीच आधी न ऐकलेलं. त्याचा छापील कागद संध्याकाळी चार वाजता हातात पडला. शांत्याला बँडबरोबर एकट्यानं चाल बसवायला लगेच थिएटरात थांबावं लागलं. शब्द अजून देवनागरीत उतरले नव्हते, म्हणून तो नुसतं ला-ला करून चाल शिकणार होता. मी मूळ कागदाची नक्कल करून घेतली आणि भायखळ्याला परत आलो.

खिडकीशी बसून मी गाणं लिहून काढलं. एका मुलाची साधी विनवणी होती. जुडी नावाच्या मुलीला तो म्हणतो, मला एकदा संधी दे. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तेच पालुपद: 'जुडी, ओ जुडी, जस्ट वन चान्स.' कच्च्या कागदावर मी सगळी टिंबं दिली होती. सतरा होती. मग त्याला द्यायची स्वच्छ प्रत करायला घेतली, आणि पहिल्या जुडीशी येऊन हात थांबला.

मी काही खोटं लिहिलं नाही. एक काना, एक वेलांटी चुकीची नव्हती. फक्त टिंबं दिली नाहीत. माझा बेत एवढाच होता, की सकाळी तो वाचायला लागेल, अडखळेल, माझ्याकडं बघेल, आणि मी कपाळावर हात मारून म्हणेन, अरे, टिंबं राहिलीच की! मग त्याच्यासमोर एकेक टिंब देईन. नाथा नसला तर काय होतं, हे त्याला एकदा दिसावं. तेवढंच हवं होतं मला. कच्चा कागद मात्र मी फाडून टाकला.

आठच्या सुमाराला शांत्या परत आला तो बँडमधल्या गिटारवाल्याचंच कौतुक करत. वांद्र्याचा कुणी पोरगा होता. त्याची बोटं कशी पळतात, त्यानं चाल कशी उचलून धरली, तो थांबतो कुठं आणि सुटतो कुठं. जेवताना तेच, हात धुताना तेच. "नाथा, असा वाजवणारा मागं असला तर माणूस चंद्रावर जाईल," तो म्हणाला. मी ताटातला भात संपवला. कागद त्याच्या उशाशी ठेवला होता, तो दमून तसाच झोपला.

आणि सकाळी त्यानं विचारलं ते तुम्ही ऐकलंच आहे. तो अडखळला, त्यानं माझ्याकडं पाहिलं, अगदी माझ्या बेताप्रमाणं. कपाळावर हात मारायची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, इथं नसतं.

दाढी होईपर्यंत त्याचं अर्धं गाणं पाठ झालं होतं. मधेच तो थांबून हसला.

"नाव काय पण! जुडी. आपल्यात मेथीची जुडी, ह्यांच्यात बाईची."

"त्यांच्यात असतात अशी नावं," मी म्हणालो.

मग उभं राहून त्यानं सगळं गाणं मला म्हणून दाखवलं. सकाळचा आवाज, अजून जरा जड, पण काय गात होता! खाली रस्त्यावर कुणीतरी सायकल थांबवून वर बघत होतं. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी ती जावयाच्या ज-ची जुडी आणि चमच्याच्या च-चा चान्स.

"बरोबर हाय न्हवं?"

त्याच्या कपाळावर घामाचा एक थेंब होता. तो पुसायचंही त्याला सुचलं नव्हतं. माझ्याकडं बघत उभा होता.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

थिएटर खचाखच भरलं होतं. खाली इंग्रजी कॉलेजातली मुलं-मुली, वर बाल्कनीत स्वस्त तिकिटांवरची गिरगाव-दादरची मराठी पोरं. मी तिसऱ्या रांगेत होतो. पहिले तीन गायक बरे होते. एकाचं गाणं दुसऱ्यानं ऐकू नये म्हणून बाकीच्यांना मागं लांबच्या बंद खोलीत बसवलं होतं. एकजण उड्या फार मारत होता, एकाचा आवाज दुसऱ्या कडव्यालाच फाटला. एकेक जण उतरला तसं मला कळत होतं, की यातला एकही शांत्याच्या पासंगाला पुरणार नाही. त्या वेळी उठून पडद्यामागं जाता आलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं. खिशात पेन्सिल होती. मी उठलोसुद्धा, आणि तेवढ्यात निवेदकानं पुकारलं, "शॅन ॲडम्स, फ्रॉम अहमदनगर!" हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे. शांतवन आढावचं त्यांनी तसं करून टाकलं होतं.

बँड सुरू झाला, शांत्यानं पहिली ओळ उचलली आणि सभागृह चिडीचूप झालं. पहिल्या कडव्यात एकही ज नव्हता, एकही च नव्हता. माझ्या शेजारच्या मुलीनं मैत्रिणीचा हात घट्ट धरला. पुढं बसलेल्या परीक्षकांपैकी एक म्हाताऱ्या पारशी बाई चष्मा काढून त्याच्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता तो थांबावा, इथंच गाणं संपावं.

मग पालुपद आलं.

आधी बाल्कनीतून एक खुसखुस आली. दुसऱ्यांदा 'जुडी' म्हणाला तेव्हा वरून एक खणखणीत मराठी आवाज आला, "मेथीची का कोथिंबिरीची?" आणि सगळी बाल्कनी फुटली. खालच्या इंग्रजी मुलांना जुडी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण त्याचा तो ज आणि तो च ऐकून तीही हसायला लागली होती, एकमेकांना म्हणून दाखवत होती. शांत्याला वाटलं, लोकांना गाणं आवडलं. त्याचा चेहरा उजळला. तो आणखी मोकळा झाला, दोन्ही हात पसरून त्यानं जुडीला हाक मारली. जितका तो जीव ओतून गायला तितकं हसणं वाढत गेलं. मी मान खाली घातली नाही. सगळं बघितलं. ती शिक्षा म्हणून बघितलं असं म्हणायला मला आवडेल, पण खरं म्हणजे नजर हटतच नव्हती.

निकाल लागला. पहिला आला तो उड्या मारणारा. शांत्याचं नाव कुठंच नव्हतं.

मी पडद्यामागं जायला निघालो तर जिन्यात त्या पारशी बाईंनी मला थांबवलं. मिस कॉन्ट्रॅक्टर. पियानो शिकवायच्या. शांत्याबरोबर मला येताना पाहिलं असावं.

"ते नगरच्या पोरासंगती तुमी हाय काय?" त्या म्हणाल्या. "आज त्याच्यासारखा कोन गायला नाय. आमी तिघं बी हेच बोलला. एक नंबर त्याचाच होता. पन रेकॉर्डवर असा जबान कसा घालेल? लोक हसेल. त्याला बोलायला कोन शिकवला?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"वाईट झाला," असं म्हणून त्या जिना उतरून गेल्या.

मेकअपच्या खोलीत शांत्या खुर्चीवर बसला होता आणि त्याच्यासमोर एक जाडगेले गृहस्थ हसून हसून आलेलं डोळ्यातलं पाणी उपरण्यानं पुसत होते. अण्णा पेडणेकर. त्यांचा ऑर्केस्ट्रा तेव्हा गावोगाव गाजत होता. गणपती, दिवाळी, जत्रा. थिएटरातल्या कुणा ओळखीच्याला सहज भेटायला आले होते आणि त्यांना सोनं सापडलं होतं.

"एक अक्षर बदलायचं नाही हां," ते शांत्याला सांगत होते. "अगदी अस्संच म्हणायचं. जुडी! मी तर खुर्चीवरून पडायचा राहिलो."

"लोक का हसत हुते?" शांत्यानं विचारलं.

पेडणेकरांना वाटलं तो गंमत करतोय. मग त्यांना कळलं, की याला खरंच ठाऊक नाही. माणूस वाईट नव्हता. त्यांनी जरा नरमाईनं समजावून सांगितलं, ती मुलगी कोण, तिचं नाव खरं कसं म्हणतात, जस्ट कसं, चान्स कसा. शांत्यानं सगळं ऐकून घेतलं. त्याच्या मानेवरची शीर मला दिसत होती. पेडणेकर म्हणाले, विचार कर, मी बाहेर थांबतो. माझ्याकडं बघून म्हणाले, तुम्ही काय वाजवता? मी सांगितलं. "अरे वा, अकॉर्डियनवाला मला हवाच आहे," असं म्हणून ते गेले.

खोलीत आम्ही दोघंच. शांत्यानं खिशातून कागद काढला, उलगडला, खालून वर सगळा बघितला. मग माझ्याकडं पाहिलं.

"घाईत विसरलास न्हवं?"

त्या 'न्हवं'मध्ये त्यानं मला उत्तर तयार करून दिलं होतं. मी फक्त ते उचलायचं होतं.

"हो," मी म्हणालो. "विसरलो."

"जाऊ दे," तो म्हणाला. "प्रवासानं दमला हुतास. मीच नीट इचारायला पायजे हुतं." आणि थोड्या वेळानं, "गाणं तरी बरं झालं का रं माझं? कायच नंबर न्हाई आला."

मिस कॉन्ट्रॅक्टर अजून रस्त्यावर असतील. धावत जाऊन त्यांना परत आणता आलं असतं.

"हे लोक वेगळे, शांत्या," मी म्हणालो. "आपलं तिथं काय चालणार!"

"मग ह्यांचं काम घेऊ?"

"घे," मी म्हणालो.

आम्ही चॅपलमध्ये वाढलेली माणसं. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं कोंबडा आरवायच्या आत आपल्या गुरूला तीनदा नाकारलं, ते लहानपणापासून ऐकत आलोय. त्या सकाळी माझे तीन कधीच होऊन गेले होते, फक्त कोंबडा आरवला नाही, एवढंच.

पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेल. 'जुडी'ची तबकडी निघाली, मुंबईतच, पेडणेकरांनी काढली. तबकडीच्या जाकिटावर शांत्या हातात कोथिंबीर घेऊन डोळे वटारून उभा. एका वर्षात ती घरोघर गेली. त्याचं नाव पुकारलं की लोक बसल्या जागी हसायला लागायचे, त्यानं तोंड उघडायच्या आधीच. रंगमंचावर मेथीच्या, कोथिंबिरीच्या जुड्या येऊन पडायच्या. सिनेमावाल्यांनी त्याला चार-पाच चित्रपटांत घेतलं, दर वेळी मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा, मुलीकडून चप्पल खाणारा. बाजारात भाजीवाल्या त्याच्याकडून पैसे घेत नसत. मी सगळीकडं त्याच्या मागं होतो, अकॉर्डियन घेऊन. माझं घर, माझ्या मुलींची लग्नं, सगळं त्या जुडीवर झालं.

मधल्या काळात त्यानं काय केलं, हे लोकांना माहीत नाही. दादरला एका निवृत्त शिक्षकाकडं दोन वर्षं जाऊन तो इंग्रजी शिकला. अगदी लिपीपासून. पुढं त्याला माझ्या कागदाची गरज राहिली नाही. एकदा सोलापूरला, मोठा कार्यक्रम होता, त्यानं पेडणेकरांकडून हट्टानं परवानगी घेतली आणि एक संथ इंग्रजी गाणं सुरू केलं, सगळे ज नि च जिथल्या तिथं. तसा तो त्या थिएटरनंतर कधी गायला नव्हता. दोन ओळी झाल्या. मागून आरडाओरडा सुरू झाला, "जुडी! जुडी!" तो थांबला. लोकांना वाकून नमस्कार केला, वळून माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. जुडीची सुरुवात अकॉर्डियनवर असायची. ती मीच वाजवली.

बावीस वर्षांनी पेडणेकर गेले, ऑर्केस्ट्रा मोडला, आम्ही दोघंही नगरला परत आलो. तो त्याच्या घरी, मी माझ्या. रोज संध्याकाळी भेटायचो. गुडघ्यांची, साखरेची, चर्चमधल्या राजकारणाची चर्चा व्हायची.

मग एका वर्तमानपत्रानं त्याची मुलाखत छापली, अर्धं पान, फोटोसकट. त्यात एक वाक्य होतं. 'माझा आवाज तसा बेताचाच. नंबर काही आला नव्हता. अण्णांनी माझी ती चूक उचलून धरली म्हणून मी झालो, नाहीतर गॅरेजातच राहिलो असतो.' ते वाक्य मी चार दिवस वाचत होतो. मुलाखत घेणाऱ्याला ती गंमत वाटली होती. शांत्याला ते खरं वाटत होतं. एकतीस वर्षं तो तसं समजत आला होता.

पाचव्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो व्हरांड्यात बसून मसूर निवडत होता. मी खुर्ची ओढली आणि लगेच बोललो, थांबलो असतो तर परत फिरलो असतो.

"शांत्या, त्या दिवशी टिंबं मी विसरलो नव्हतो."

त्याची बोटं ताटात थांबली.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"अकॉर्डियनपायी?"

मी मान हलवली. मग एक खडा उचलून त्यानं बाहेर टाकला.

"मी बी लई लागंल असं बोललो हुतो," तो म्हणाला. "नंतर ध्यानात आलं. पर तोवर आपलं सगळं चांगलं चाललं हुतं. जाऊ दे, नाथा. पोरं हुतो. आन झालं ते काय वाईट झालं? लोकांनी एवढं प्रेम दिलं. नुसत्या आवाजावर मला कोण इचारणार हुतं?"

त्यानं मला माफ केलं होतं. इतकं सोपं होतं ते. मी तेव्हाच उठायला हवं होतं. पण मला हाव सुटली. मला सगळंच उतरवून टाकायचं होतं, शेवटच्या काडीपर्यंत, म्हणजे रात्री स्वस्थ झोप लागेल. आणि मला खरंच वाटलं, की हे ऐकून त्याला आनंद होईल. मी त्याला मिस कॉन्ट्रॅक्टरांबद्दल सांगितलं. त्या जिन्यात काय म्हणाल्या, शब्द न् शब्द. तुझ्यासारखा कुणी गायला नाही, तिन्ही परीक्षकांचं एकमत होतं, पहिला नंबर तुझाच होता, अडलं ते फक्त उच्चारांवर.

तो माझ्याकडं बघत होता. रंगमंचावरचे ते वटारलेले डोळे नव्हेत. ते डोळे मी कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते.

"म्हंजे टिंबं असती तर मी जिंकलो असतो?"

"हो."

"त्या आवाजावर?"

"त्याच आवाजावर," मी म्हणालो. "तुझ्या जवळपासही कुणी नव्हतं, शांत्या."

त्यानं मांडीवरचं ताट उचलून हळूच बाजूला ठेवलं. हाताला लागलेली माती झटकली. गळ्याजवळ हात नेला आणि तसाच धरून ठेवला.

"मी म्हणत हुतो, आपल्यात काय नव्हतंच," तो म्हणाला. "म्हणून सगळं सोसलं. ज्याच्यात कायच न्हाई त्याला हसलं तर काय बिघडतं."

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यानं हातानंच थांबवलं.

"टिंबांचं सांगितलंस ते ठीक हाय. पर हे मला सांगायला नको हुतंस, नाथा."

मग त्यानं आत बायकोला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं. चहा होईपर्यंत आणि मी तो पिऊन उठेपर्यंत तो ताट पुन्हा मांडीवर घेऊन मसूर निवडत राहिला.